नम्रपणे नको

११ ऑगस्ट

आजची जोडी: अलोन आणि लोनली. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सकाळी इंग्रजीतले दोन सारखे वाटणारे शब्द लिहायचे आणि शाळा सुटायच्या आत पोरांनी फरक सांगायचा, हा माझा खेळ. मराठी माध्यमाची पोरं, पण तेलंगणातली. घरी वऱ्हाडी वळणाचं बोलतात, बाजारात तेलुगू. तरी या खेळावर तुटून पडतात. आठवीतल्या एकानं लिहिलं, म्हैस अलोन असते, म्हशीमागचा माणूस लोनली असतो. नववीतल्या वैष्णवीनं लिहिलं, रविवारी शाळा अलोन असते पण लोनली नसते, कारण तिला सोमवार ठाऊक असतो. इतकं स्वच्छ इंग्रजी या शाळेत अजून कुणी लिहून दाखवलं नव्हतं. दुपारपर्यंत मी हवेत होते.

दुपारी जमिनीवर. जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली डबेवाले पुन्हा वाढलेले. मागच्या वर्षी एखाद-दुसरा डबा दिसायचा, तोही आजारी पोराचा. आता नववीची अर्धी रांग घरचे डबे उघडून बसते. जूनपासून शाळेच्या दुपारच्या स्वयंपाकाला कांताबाई आली. डबेही जूनपासूनच आले. यात न समजण्यासारखं काही नाही, पण हेडमास्तरांना समजत नाही.

१२ ऑगस्ट

हे.मा.ना विचारलं. ते करीमनगरकडचे, तेलुगू. माझ्याशी हिंदीत बोलतात. "बच्चों को घर का खाना अच्छा लगता बोले तो अपन क्या करते मॅडम?" आणि चहा ढोसत बसले.

आमच्या शाळेत मराठीत शिकवतात, तेलुगूत हजेरी पाठवतात, हिंदीत भांडतात आणि इंग्रजीत खोटं लिहितात. चार भाषा येतात म्हणून इचोड्यात आमचं कौतुक होतं.

१४ ऑगस्ट

आज चव घ्यायची माझी पाळी. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चाखायचं असा नियम आहे. उभ्या-उभ्या चमचाभर सांबार घेतलं. चांगलं झालं होतं, चिंच बेताची, शेवग्याच्या शेंगा शिजलेल्या. कांताबाईच्या हाताला चव आहे हे गावात सगळ्यांना माहीत असावं, कारण लग्नकार्यात भांडी घासायला बोलावतात तेव्हा तिला पातेल्याच्या आसपास फिरकू देत नाहीत.

ती आमच्यातली. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहते, वस्तीच्या तोंडाशीच बुद्धविहार आहे. शाळेत मला मॅडम म्हणते. आजूबाजूला कुणी नसलं की हळूच जयभीम ताई. मीही हळूच जयभीम म्हणते. दोघी जणी चोरी केल्यासारख्या. याचाही मला तिटकारा आहे, पण आवाज काही माझा वाढत नाही.

भात उरला. टोपलंभर. म्हणाली, "बकऱ्याईले टाकतो ताई. बकऱ्या काई इचारत नाई कोनं रांधलं."

१८ ऑगस्ट

आजची जोडी: रिफ्यूज आणि डिक्लाइन.

वर्गात समजावलं. रिफ्यूज म्हणजे नाही म्हणणं, तोंडावर, समोरच्याचं काय होईल ते न बघता. डिक्लाइन म्हणजे नम्रपणे नको म्हणणं, समोरच्याचा मान राखून. पाहुण्यानं दुसरी पोळी डिक्लाइन केली. बैलानं चढाला गाडी ओढायचं रिफ्यूज केलं. पोरं हसली. बैल नम्र नसतो का मॅडम, असं एकानं विचारलं. छान तास झाला.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. वैष्णवीचं वाक्य: आय डिक्लाइन द फूड एव्हरी डे बिकॉज टू रिफ्यूज इज रूड. मी रोज जेवण नम्रपणे नको म्हणते, कारण तोंडावर नाही म्हणणं हा उद्धटपणा आहे.

लाल पेन हातात घेऊन बसून राहिले. काळ बरोबर, क्रियापद बरोबर, दोन्ही शब्द जिथे हवेत तिथे. फरक तिला माझ्यापेक्षा नीट कळलाय. कुठे चूक दाखवू?

बरोबरची खूण केली. मग पेन फेकून दिला.

१९ ऑगस्ट

तिला एकटीला बोलावलं. कोणतं जेवण गं?

"शाळेचं, मॅडम."

रोज नको म्हणता?

"हो मॅडम. पन नीट म्हणतो आमी. नको काकू, असं. थँक्यू बी म्हणतो. कोनी तोंड वाकडं नाई करत. बाबांनी सांगून ठेवलं, कोनाले वाईट वाटलं नाई पायजे."

बाबा म्हणजे नामदेवराव, शाळा समितीचे अध्यक्ष, कापसाचे मोठे शेतकरी. बोलणं साखरेसारखं. पोरीचा चेहरा तर इतका निर्मळ की त्याच्यावर रागावता येईना. कांताबाईला काकू म्हणते. आमच्या लहानपणी या गावांतून आमच्या बायांना असं कुणी काकू-बिकू म्हणत नव्हतं, एकेरीत हाक मारायचे आणि लांबून वाढायचे. सुधारणा झाली म्हणायची. सुधारणा अशी झाली की आता त्याच गोष्टीला थँक्यू लावतात.

जा वर्गात, म्हटलं.

२० ऑगस्ट

अंड्याचा वार. चिंचेखालचे सगळे डबेवाले उठून रांगेत आले. मला क्षणभर वाटलं, निवळलं.

कांताबाई अंडी सोलून ताटात ठेवत होती, लहान पोरांना सोपं जावं म्हणून. डबेवाल्यांपैकी पहिला म्हणाला, "काकू, सोललेलं नको. सालीचं द्या." मागच्यांनीही तेच. नको काकू, सालीचं. तिनं पातेल्यातून सालीसकट अंडी काढून एकेकाच्या हातावर ठेवली. हातावर म्हणजे हाताच्या चार बोटं वरून सोडली. तिनंच. सवयीनं.

पोरं परत चिंचेखाली. फोडून, सोलून, मीठ लावून खाल्ली.

किळस, वीट, उबग, शिसारी. इंग्रजीवाले एका डिस्गस्टवर भागवतात. आमच्याकडे वीट रोजच्या त्याच त्या गोष्टीचा येतो, उबग माणसांचा येतो, किळस घाणीची येते. शिसारी अंगावर काट्यासारखी येते आणि ती स्वच्छ, टापटीप, केस विंचरलेल्या गोष्टीचीही येऊ शकते. आज शिसारी आली. पोरांच्या हातातल्या पांढऱ्याशुभ्र अंड्यांची.

घरी येऊन जेवले नाही.

२१ ऑगस्ट

वस्तीतल्या कुणीतरी मंडलाच्या, म्हणजे इथल्या तालुक्याच्या, शिक्षण ऑफिसात तक्रार दिली. तिथून शाळेला विचारणा: मुलं दुपारचं जेवण का घेत नाहीत, लेखी कळवा. हे.मा. धावत माझ्याकडे. "मॅडम, आपकी इंग्लिश अच्छी है. आप ही ड्राफ्ट करो."

करते म्हटलं. आनंदानं.

२२ ऑगस्ट

ड्राफ्ट दिला. पाच ओळी. काही मुलं कांताबाईनं शिजवलेलं अन्न रिफ्यूज करतात, कारण ती बौद्ध आहे. सालीचं अंडं तेवढं घेतात. इतकंच.

हे.मा. वाचून पांढरे पडले. "रिफ्यूज लिखे तो केस होता मॅडम. बच्चों पे केस डालेंगे क्या?"

मग डिक्लाइन लिहू?

विचार केला त्यांनी. खरोखर केला, डोळे मिटून. "डिक्लाइन भी भारी है. उसमें भी ना है. प्रेफर लिखो. बच्चे घर का खाना प्रेफर करते. किसी को ना नहीं बोले, बस घर का ज़्यादा पसंद."

मला वाटायचं हा माणूस शब्दांच्या बाबतीत ढ आहे. तो ढ नाही. तीन शब्दांतला फरक त्याला सोनाराच्या तराजूसारखा कळतो, कोणत्या शब्दात किती नकार आहे ते गुंजेत सांगेल. शब्दांचे बारकावे शिकलं की माणूस नेमकं बोलायला लागतो, असं मी चार वर्षं पोरांना सांगत आले. इथे तर सगळे नेमकं न बोलण्यासाठी शिकलेत.

आणि अंड्याची ओळ त्यांनी ठेवली. आनंदानं ठेवली. "ये अच्छा पॉइंट है. अंडा ले रहे ना? मतलब भेदभाव नहीं."

२४ ऑगस्ट

रविवार. मिलिंद काल उटनूरहून आला. नवरा आदिवासी कल्याणच्या ऑफिसात कारकून असला की घरात फाइलीच्या भाषेत उत्तरं मिळतात. सगळं सांगितलं. म्हणाला, "तू काऊन अंगावर घेऊन राह्यली? प्रेफर लिव, सही कर, मोकळी हो. आमच्याकडं कोनालेच रिमूव्ह करत नाईत. रिलीव्ह करतेत. मानूस तोच जाते, कागद गोड रायते."

कांताबाई जाईल म्हणतोस?

"जाईलच. तक्रार आली म्हंजे कोनीतरी जाते. हेडमास्तर त जात नाई."

तो वाईट माणूस नाही. बाबासाहेबांच्या फोटोला रोज उदबत्ती लावतो. वीस वर्षं मऊ शब्दांच्या गादीवर बसून त्याचं बूड मऊ झालंय. हे त्याला म्हटलं. रागावला. भाकरी मात्र दोन खाल्ल्या.

२८ ऑगस्ट

समितीची बैठक. नामदेवराव, हे.मा., मी, आणखी दोन पालक मान डोलवायला. कांताबाईला बोलावलं होतं, पण दाराबाहेर उभं केलं. बसा कुणी म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, आणि हे घरी आल्यावर लक्षात आलं.

मी अंड्याचं बोलले. चिंचेखालच्या डब्यांचं बोलले. जरा चढ्या आवाजात.

नामदेवरावांनी ऐकून घेतलं. पान लावता लावता म्हणाले, "मॅडम, तुमी आमच्या लेकराईले शिकवता, तुमचे लय उपकार. पन एक सांगा. आमची पोरगी डबा आणते त तुमाले खुपते. तुमी बी त डबाच आणता. आल्यापासून पायतो मी. तुमाले घरचं गोड लागते, मंग पोरीले काऊन नाई लागू?"

मी म्हटलं, मला ज्वारीची भाकर लागते, भात सोसत नाही. मी चव घेते की.

"चव त घेता. जेवत नाई."

हे.मा. हसू दाबत होते. दाराबाहेरून कांताबाई बघत होती, माझ्याकडे नव्हे, खाली पायाकडे.

त्या माणसाच्या तोंडून खरं यावं याची जास्त घाण वाटली. भात सोसत नाही हेही खरं आहे. पण माझ्या वर्गातल्या पोरांना रोज दुपारी काय दिसलं? मॅडम स्टाफरूममध्ये जातात, दार लोटतात, घरचा डबा उघडतात. मग त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू की तुमचा डबा वेगळा आणि माझा वेगळा.

२९ ऑगस्ट

डबा नेला नाही. रांगेत ताट घेऊन बसले, सहावीच्या पोरांमध्ये. पोरं आधी गप्प, मग कुजबुज, मग खिदळणं.

कांताबाईनं वाढलं. वाटलं होतं खूश होईल. तिनं वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आता कायले मॅडम?"

भात खाल्ला. दुपारभर पोट डम्म. पोटाचं काय, होईल सवय.

१ सप्टेंबर

हे.मा.नी तोड काढली. उद्यापासून बचत गटातली दुसरी बाई रांधेल, गावातली. कांताबाईनं भाजी चिरायची नाही, वाढायचं नाही, फक्त भांडी घासायची. "निकाला नहीं मॅडम, ॲडजस्ट किया."

मी कांताबाईला चुलीजवळ गाठलं. काय करणार? ती राख सारखी करत होती. "ताई, लोकाच्या वावरात निंदाले जाईन, कापूस येचाले जाईन. रांधाले लावलं म्हून आली मी इथं. साऱ्या गावाच्या लेकराईले माह्या हातचं खाऊ घालीन असं वाटे मले. भांडे त जनमभर घासले. त्याच्यासाठी शाळा कायले पायजे?"

म्हटलं, तू गेलीस तर ते लिहितील की स्वतःहून गेली.

"लिवू द्या. तुमी काय लिवता ते पाऊ."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२ सप्टेंबर

हे.मा.ना सांगितलं, कांताबाईला चुलीवरून हलवलंत तर मी रिपोर्टवर सही करणार नाही. त्यांना माझी सही हवी आहे हे मला उशिरा समजलं. साधी इंग्रजीची मास्तरीण म्हणून नव्हे. "आप भी उसी समाज की हैं ना मॅडम. आपकी साइन रहे तो ऊपर कोई पूछता नहीं."

म्हणजे मी दाखल्यासाठी. इथे असं काही नाही हे आमच्यातल्याच बाईनं लिहून दिलं की विषय संपला. इतकी वर्षं वाटायचं, इंग्रजी येतं म्हणून मला विचारतात.

तडजोड अशी निघाली: शिक्षण ऑफिसातले साहेब चौकशीला येऊन जाईपर्यंत कांताबाई चुलीवर. नंतरचं नंतर. मी हो म्हटलं. बाजारात वांगी घासाघीस करून घ्यावीत तसं हे ठरलं आणि मला स्वतःचाही वीट आला.

४ सप्टेंबर

वैष्णवी मंडलाच्या इंग्रजी स्पर्धेत पहिली आली. खाजगी शाळांच्या टायवाल्या पोरांना मागे टाकून. परीक्षकांनी विचारलं, पिटी आणि सिंपथीत फरक काय? म्हणाली, पिटी उभ्यानं करतात, सिंपथीला शेजारी बसावं लागतं. हे मी शिकवलेलं नाही. हे तिचं आहे.

बसस्टँडवर माझ्या पाया पडली. सगळ्यांसमोर, वाकून, दोन्ही हातांनी. माझे डोळे भरून आले. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मी सगळं विसरले, चिंच, अंडी, सगळं. पोरगी चौदा वर्षांची आहे. तिच्या डोक्यात जे आहे ते बापानं भरलेलं. काढताही येईल. बोलायला मी आहे ना.

परतताना म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं झालं."

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी झेंडूचे हार घातले, हे.मा.नी भाषण ठोकलं, गुरू देवासमान वगैरे. कांताबाईला हार नाही. ती धुरात.

चिंचेखाली डबे होतेच. मी जेवायला रांगेत. वैष्णवी लांबून माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

८ सप्टेंबर

साहेब उद्या येणार.

सकाळी लवकर उठून शिरा केला. वैष्णवीच्या पहिल्या नंबराचा. घरचं तूप, काजू, वेलदोडा. माझ्या घरात, माझ्या गॅसवर, माझ्या हातानं. डब्यात भरून नेला आणि नववीच्या वर्गात वाटायला घेतला. वर्तमानपत्राचे कागद फाडून आणले होते, चमच्याचमच्यानं त्यावर. पोरांनी मिटक्या मारल्या. एकानं कागद चाटला.

वैष्णवीनं दोन्ही हात पुढे करून घेतला. "थँक्यू मॅडम. घरी नेतो, आईले दाखवतो." नीट पुडी बांधली. तिच्या शेजारच्या दोघींनीही पुड्या बांधल्या. खिडकीजवळच्या एकीनंही. आईला दाखवतो, आजीला देतो. मला बरंच वाटलं. कौतुकाचा शिरा आहे, घरी न्यावासा वाटणारच.

तासाला हे.मा. दारात येऊन बघून गेले. दुपारी टाइप केलेला रिपोर्ट हातात ठेवला. प्रेफर आहे. अंडी आहेत. शेवटी नवी ओळ घातली आहे: हीच मुलं त्याच समाजाच्या शिक्षिकेच्या हातचं अन्न आदरानं स्वीकारतात, त्यामुळे भेदभावाचा प्रश्न येत नाही. "आज शीरा बाटे ना आपने? सब लिए. मैं खुद देखा. ये लाइन सबसे मज़बूत है मॅडम."

वाचून आधी राग आला, माझा शिरा यांच्या रिपोर्टात कसा घातला म्हणून. मग थोडं, खरं सांगायचं तर, आतून सुखही वाटलं. ओळ खोटी नव्हती. माझ्या हातचं घेतलं पोरांनी. म्हणजे कांताबाईचंही घेतील, वेळ लागेल इतकंच. सही नाही केली, उद्या सकाळी देते म्हटलं. रिपोर्ट पर्समध्ये ठेवला.

शाळा सुटल्यावर रोजच्यासारखी ऑटो धरायला मोठ्या रस्त्याकडे निघाले. ओढ्यावरच्या पुलाजवळ, पोरांच्या वाटेवर, एरंडाच्या झुडपात वर्तमानपत्राची पुडी पडलेली. बांधलेलीच होती, कोंबडीनं एका बाजूनं फोडली होती. काजू दिसला.

उचलली नाही. उभी राहिले. मागून येणारी दोन पोरं मॅडम टाटा करून गेली.

पुड्या चौघींनी बांधल्या होत्या. दिसली एक. बाकीच्या तीन मी शोधल्या नाहीत. पूल ओलांडला की आणखी झुडपं होती, मी रस्त्याच्या मधून चालत गेले, नजर समोर.

इतके दिवस मला वाटत होतं की मी कांताबाईसाठी भांडते आहे. तिच्या हातच्या सांबारासाठी. आज तर सांबार नव्हतं, कांताबाई नव्हती, फक्त मी होते. माझं इंग्रजी, माझी इस्त्रीची साडी, माझ्या पाया पडलेली पोरं. आणि तूप चांगलं होतं.

मिलिंदला फोन केला नाही. तो म्हणेल, वाऱ्यानं पडली असेल, पोरीच्या हातून सुटली असेल. असंही असेल. पुडी हातातून सुटते.

रिपोर्ट समोर ठेवलाय. ती शेवटची ओळ खरी की खोटी हे या गावात फक्त चार पोरींना माहीत आहे. तिघींचं मला काही वाटत नाही. उद्या साहेब दहाला येणार, वैष्णवी त्याच्या आधी येते, फळा तीच पुसते. विचारायचं तर तेवढाच वेळ आहे. विचारलं की ती खरं सांगेल. ती खोटं बोलत नाही. मान खाली घालून, अगदी नीट शब्दांत, मला वाईट वाटू नये अशा बेतानं सांगेल.

पेन पर्समध्ये आहे. अजून काढलेला नाही.